मनुष्यवस्तीस अयोग्य

२० एप्रिल, सोमवार

पंखा बंद केला तर बरं वाटतं! इथवर पाळी आली. तो वरची गरम हवा खाली ढकलतो, बाकी काही करत नाही. मी बटणाकडे हात नेला तशी मुंगी म्हणाली, "राहू दे गं ताई, निदान आवाजाने तरी गार वाटतं."

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. ती दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळ झाली की सगळं आमच्या अंगावर ओकते. भिंतीला पाठ टेकवत नाही. लोखंडी कॉट तर नकोच, गाद्या जमिनीवर ओढल्यात. कपाटावरची मेणबत्ती उभ्या उभ्या वाकली आहे, कुणाच्या तरी पाया पडत असल्यासारखी.

खालचे दोन्ही मजले सुट्टीत बाहेरच्या शिबिरांना देतात. म्हणून सुट्टीतही राहणाऱ्या आम्हा सगळ्या मुलींना वर कोंबलंय. कूलरला बंदी — वायरिंग जुनं आहे, भार पेलणार नाही, असं रेक्टर बाई म्हणतात. खाली त्यांच्या ऑफिसातल्या एसीचा भार मात्र तेच वायरिंग निमूट पेलतं!

२१ एप्रिल

घामोळं. पाठभर. आणखी काही लिहायची ताकद नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

आज शहाणपणा केला. बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते — यावर शाळेत पूर्ण मार्क घेतलेत मी! दोघींच्या चादरी बादलीत बुचकळल्या, खिडकीला एक लावली, दाराला एक. खाली पाणी शिंपडलं. मुंगीला अगदी फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं की आता कसं हळूहळू गार होईल.

वारा मात्र पान हलेल इतकाही नव्हता. पाणी उडायचं कुठे? अर्ध्या तासात खोलीची अशी वाफ झाली की मुंगीच्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली. ती घाम पुसत अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, आता फक्त वरून झाकण ठेवायचं राहिलंय."

हसून हसून पोट दुखलं. मग हसल्यामुळे आणखी उकडलं.

मुंगी हे नाव मीच ठेवलंय. चणीने एवढीशी, आणि कधी पाहावं तर काहीतरी उचलून कुठेतरी निघालेली — पुस्तकं, बादली, नाहीतर माझंच वाळलेलं धुणं. मी एम.ए.चा प्रबंध पुरा करायला थांबले आहे. माझं काय, चार दिवस मागेपुढे झालं तरी चालेल. तिची पदवीची शेवटची परीक्षा आहे, १८ मेपासून. तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझ्याही घरात माझ्याआधी कुणी नव्हतं. म्हणून असेल, तिच्या परीक्षेचं मला माझ्या परीक्षेपेक्षा जास्त वाटतं.

२५ एप्रिल, शनिवार

गार राहण्याचे आजपर्यंत सापडलेले मार्ग: पाय बादलीत घालून वाचणे. मानेवर ओला रुमाल. सकाळी उजाडायच्या आत नळाचं पाणी भरून ठेवणे (नंतर टाकीतून चहा करावा इतकं गरम येतं). आणि बाजारातलं फ्रीजचं दुकान! तिथे एसी आहे. आम्ही दोघी आत जातो आणि फ्रीजची दारं उघडून गंभीरपणे आत डोकावतो. मुंगी विचारतेही, "याला वॉरंटी किती?"

आज विक्रेता म्हणाला, "गेल्या आठवड्यातही तुम्ही हाच बघत होतात ना?"

मुंगी म्हणाली, "घरी विचारलं. रंग बदलून हवाय."

रस्त्यावर आल्यावर मी तिला म्हटलं, किती सराईत खोटं बोलतेस गं! ती म्हणाली, "तुला नाही जमायचं. तू लगेच खरं काय ते लिहून देशील."

२७ एप्रिल, सोमवार

मुंगी जिन्यात पडली. वर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणे. नशीब, तीनच पायऱ्या. गुडघा सोलवटला, ओठ पांढरेफटक. मावशींनी — आमचा मजला झाडतात त्या — धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं, साखरमिठाचं पाणी पाजलं. मी नुसती वारा घालत राहिले. वहीच्या पुठ्ठ्याने.

संध्याकाळी तिला म्हटलं, घरी जा बाई, पंधरा दिवस घरी अभ्यास कर आणि परीक्षेला परत ये. तर माझ्याकडे अशी पाहायला लागली की मला कसंतरी झालं.

"घरी गेले की परत येत नसते मी, ताई. वहिनीचे दिवस भरत आलेत. दादा म्हणतोच आहे, नाहीतरी तू उकाड्यात तळमळतेस, ये इकडे, घरात चार हात हवेत. एकदा ते बाळ माझ्या मांडीवर ठेवलं की संपलं. पुढच्या वर्षी देऊ म्हणतील. पुढच्या वर्षी काय असतं ते मला ठाऊक आहे."

मग म्हणाली, "इथे कितीही उकडू दे. इथे कुणी मला हाक तर मारत नाही."

२८ एप्रिल

बाबांचा फोन. ते बेकरीत भट्टीवर असतात, अख्खा जन्म तिथेच गेला. त्यांच्यापुढे उकाड्याची तक्रार करायची मला लाज वाटते. तरी त्यांनी आवाजावरून ओळखलंच. म्हणाले, "काय गं, भाजून निघालीस वाटतं?" मी मुंगीचं सांगितलं. मग म्हणाले, "मग अर्ज कर की! तू असताना कसली चिंता?"

खरंच! मला कसं सुचलं नाही!

२९ एप्रिल, बुधवार

आमच्या गल्लीत मी लिहिलेला अर्ज कधी वाया गेलेला नाही. नववीत होते तेव्हापासून लिहितेय. गल्लीतला नळ माझ्या अर्जाने आला. कोपऱ्यावरचा दिवा माझ्या अर्जाने लागला. शेजारच्या आजींचं अडलेलं पेन्शन सुटलं. बी.ए. झाले तेव्हा आई सगळ्यांना सांगत होती, "आता तर पदवीधराचा अर्ज म्हणजे काय!" लोक अर्ज करत नाहीत, नुसते कुरकुरतात. नीट, मुद्देसूद, अदबीने मागितलं तर कोण नाही म्हणेल?

आज दुपारभर लिहिला. थेट समाजकल्याण कार्यालयाला, रेक्टर बाईंना प्रत. उन्हाचा वेळ, हवा खेळायला जागा नसणं, मुलगी चक्कर येऊन पडणं — सगळं घातलं. मागणी साधीच: कूलरला परवानगी, नाहीतर खालच्या मजल्यावर दोन खोल्या. शेवटी एक ठसठशीत वाक्य हवं होतं. सापडलं — "सदर मजला उन्हाळ्याच्या दिवसांत मनुष्यवस्तीस अयोग्य आहे." स्वतःशीच दोनदा वाचून पाहिलं. काय वजन आहे!

मजल्यावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या. मुंगीने नाही.

"मला नको गं. आहे ते बरं आहे."

"बरं कसं आहे? पडलीस ना परवा?"

"पडले, उठले. उगाच कुणाचं लक्ष कशाला वेधून घ्यायचं?"

मला रागच आला. याच वृत्तीमुळे आपण मागे राहतो, असं बरंच काही बोलले. तुझ्यासाठीच करतेय, आणि पडलेल्या मुलीचीच सही नसेल तर अर्जाला अर्थ काय, असंही म्हटलं. शेवटी तिने माझ्याच हातातलं पेन घेऊन सही केली. अक्षर सुरेख आहे तिचं.

२ मे, शनिवार

अर्ज दिला. पोच घेतली. शिक्क्यासकट!

४ मे

काही नाही. उकाडा. मुंगीला पाठोपाठ दोन दिवस जुलाब. तरी वाचतेय. पाय बादलीत, पुस्तक मांडीवर, डोळे मिटत असताना ओठ हलतायत.

६ मे, बुधवार

साहेब आले!!

चार दिवसांत! कोण म्हणतं सरकारी कामाला वेळ लागतो? भर दुपारी आले, तेही बरं झालं. अंगात कोट. जिना चढून वर येईस्तोवर कोट हातात आला. आमच्या खोलीत पाऊल टाकलं आणि "अरे बापरे" म्हणाले. अगदी मनापासून. भिंतीला हात लावला, झटकन काढला. मुंगी स्टूल पुसून पुढे करत होती, पण ते बसलेच नाहीत. "कशा राहता हो तुम्ही मुली इथे?" असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, सर, तेच तर आमचं म्हणणं आहे.

जाताना मला म्हणाले, "अर्ज तुम्ही लिहिलात? फार चांगली भाषा आहे. मुद्दा पटला."

रेक्टर बाई मागे उभ्या होत्या. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मजल्यावर नुसता आनंदीआनंद. पोरींनी मला उचलायचा बेत केला, पण घामाने हात सटकत होते! मुंगीसुद्धा हसली. म्हणाली, "जिंकलीस बाई."

८ मे, शुक्रवार

नोटीस लागली.

"सदर मजला मनुष्यवस्तीस अयोग्य असल्याचे पाहणीअंती निदर्शनास आल्याने तो पुढील आदेश होईपर्यंत बंद करण्यात येत आहे. सर्व विद्यार्थिनींनी दिनांक १५ मेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. त्यानंतर मजल्याचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल."

'मनुष्यवस्तीस अयोग्य' — माझेच शब्द. कानामात्रेचा फरक नाही.

सगळ्या जणी नोटिशीसमोर उभ्या होत्या आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मुंगीने ती वाचली, दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि वर जाऊन पुस्तक उघडून बसली.



९ मे, शनिवार

रेक्टर बाईंकडे गेले. त्यांच्या खोलीत कुडकुडायला झालं. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी इथून उठा म्हटलं होतं का? उकडतं हे मला कळत नव्हतं? मी गप्प होते ते कशासाठी? वरचा मजला मी स्वतःच्या जबाबदारीवर उघडा ठेवला होता. नियमाने सुट्टीत वसतिगृह बंदच असतं."

मी खालच्या दोन खोल्या मागितल्या. शिबिराचे लोक सोमवारी येताहेत, एक कॉटही रिकामी नाही. वाचनालयात झोपू द्या म्हटलं. मैदानात झोपू द्या म्हटलं. "काय बोलतेस तुझं तुला कळतं का?" म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "बाकीच्या जातील गं घरी. तुझी ती रूममेट — तिची परीक्षा कधी आहे?"

मी रडले. त्यांच्यासमोर! त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बर्फासारखं गार पाणी. आणि मला ते प्यावंसं वाटलं, याची जास्त लाज वाटली.

१० मे

बाकीच्यांपैकी निम्म्या आजच गेल्या. एक जण जिन्यात म्हणाली, "चला, तुझ्यामुळे सुट्टी तरी मिळाली." टोमणा होता की खरंच, कळलं नाही.

मुंगीला माझ्या घरी नेलं असतं, पण आमचं गाव रात्रभराच्या प्रवासावर, आणि परीक्षेचं केंद्र इथेच. लॉजवर एकटी मुलगी कशी राहणार, आणि पैसे कुणाकडे आहेत?

११ मे, सोमवार

कार्यालयात गेले. बाकावर सकाळपासून. साहेब भेटले, ओळखलंही त्यांनी. मी म्हटलं, सर, मजला बंद करू नका, आम्ही राहू तसंच.

"अहो, तुम्हीच लिहिलंत ना, अयोग्य आहे म्हणून?"

"हो, पण तितकं नाहीये, सर."

"मी स्वतः पाहिलं. तितकंच आहे! उद्या कुणाला उष्माघात झाला तर कागदावर माझी सही आहे."

मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. बहुधा जोडलेही. शेवटी ते म्हणाले, "हे बघा, मी परवा पुन्हा तिकडे येतोय, शिबिराच्या उद्घाटनाला. तेव्हा वर डोकावतो. खोली राहण्यालायक दिसली तर बघू."

बघू म्हणाले! बसमध्ये उभ्या उभ्या बेत केला. खोली गार करायची. खरोखरची गार.

१२ मे, मंगळवार

असे कष्ट जन्मात केले नव्हते. मावशींनी रंगकामातला उरलेला चुना दिला आणि गच्चीची किल्लीही — "हरवली होती, सापडली," म्हणाल्या आणि डोळा मारला. उन्हं कलल्यावर मी आणि मुंगीने आमच्या खोलीवरची अख्खी गच्ची चुन्याने पांढरी केली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. मुंगी म्हणाली, "ताई, तू म्हातारपणी बरी दिसशील."

मी तिला अभ्यासाला बस म्हणून ओरडत होते. ऐकेना. "हाही अभ्यासच आहे," म्हणे. "नापास झालो तर परीक्षेला बसता येणार नाही."

१३ मे, बुधवार

पहाटेच गच्चीवर बादल्या ओतायला सुरुवात केली. जिना चढ, ओत, उतर. खिडकीला बाहेरून जुनी पोती, आत ओले पडदे. आज थोडा वारा होता, देवाची कृपा! खाणावळीतून बर्फाच्या दोन लाद्या उसन्या आणून पंख्याखाली परातीत ठेवल्या. अकराच्या सुमारास खोलीत उभं राहिलं तर — गार! खरंच गार! मुंगी जमिनीवर आडवी झाली, हातपाय पसरले आणि म्हणाली, "आई गं."

साहेब आले. आत पाऊल टाकलं, थांबले. भिंतीला हात लावला आणि तो तसाच ठेवला. चेहऱ्यावर सुखच दिसलं. "छान आहे की हो," म्हणाले.

मी मुंगीचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे अर्जात लिहिलंत ते खोटं होतं?"

मी म्हटलं, "नाही सर, खोटं नव्हतं. आज आम्ही —" आणि परातीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. बर्फ निम्म्याहून जास्त वितळला होता.

"हे रोज करणार?"

"हो," मी म्हटलं.

ते हसले. वाईट हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "हे बघा बाई. दोनच गोष्टी होऊ शकतात. अर्ज खरा असेल तर मजला बंद. अर्ज खोटा होता असं लिहून देत असाल तर मजला उघडा, पण मग खोटी तक्रार केली म्हणून सह्या करणाऱ्या सगळ्यांच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर शेरा जाईल. मला तसं करायला आवडणार नाही. ठरवा तुम्ही."

सगळ्यांच्या. म्हणजे मुंगीच्याही. पदवीबरोबर तो दाखला जोडल्याशिवाय तिला कुठेच नोकरी मागता येणार नाही.

मी काहीच बोलले नाही. मी! मुंगीच पुढे झाली आणि म्हणाली, "अर्ज खराच आहे, सर."

१४ मे, गुरुवार

मुंगीने ट्रंक भरली. तिची एक मावसबहीण शहरातच असते म्हणे, पलीकडच्या टोकाला. तिच्याकडे राहून पेपर देणार. मी विचारलं, आधी का नाही बोललीस? "जरा भांडण होतं आमचं. मिटवलं." मला इतकं हलकं वाटलं की मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, उकडतंय."

मी पत्ता मागितला. "लांबलचक आहे, नंतर पाठवते," म्हणाली.

१६ मे, शनिवार

घरी पोचले. घर काही गार नाही, पण आईने न विचारता खिडकीखाली माझं अंथरूण घातलं. दुपारभर झोपले.

बाबा बेकरीतून आले ते दोघातिघांना घेऊनच. पिठाने पांढरे हात, छाती फुगलेली. "हीच ती! हिच्या एका अर्जाने सरकारला अख्खा मजला बंद करावा लागला!" त्यातल्या एकाने लगेच त्याच्या मुलीच्या शाळेचं काम सांगितलं. मी हसले. बाबांना कसं सांगू? संध्याकाळी आईने ताट वाढताना हळूच विचारलं, "तुझी ती मुंगी कुठंय आता?" मी सांगितलं, बहिणीकडे. आई म्हणाली, "बरंय मग." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

१८ मे

मुंगीचा मेसेज: पेपर बरा गेला. एवढाच. मी दहा प्रश्न पाठवले. उत्तर नाही.

१९ मे

फोन केला, बंद. इथे अंगणातसुद्धा उभं राहवत नाही.

२१ मे, गुरुवार

तिच्या दादाचा फोन आला. मला! आवाजाने चांगला वाटला माणूस, दमलेला. "ताई, तिच्या वहिनीला मुलगी झाली, तेवढा निरोप तिला द्या. तिचा फोन लागत नाही. आणि तुमच्या आत्याबाईंनाही नमस्कार सांगा, आमची पोर तुमच्याकडे राहतेय, त्रास देत नाही ना?"

मला आत्या नाही. शहरात तर कुणीच नाही.

मी म्हटलं, "नाही, काही त्रास नाही. अभ्यास करते."

"मावसबहिणीकडेही बऱ्याच दिवसांत गेली नाही वाटतं?" मी कसंबसं विचारलं.

"कोण मावसबहीण? आमचं कुणी नाही हो तिकडे. म्हणून तर तुमचा आधार."

फोन ठेवल्यावर हात गार पडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

२२ मे, शुक्रवार

आज संध्याकाळच्या बसने निघतेय. आईला सांगितलं, पुस्तक राहिलंय. बाबांना काहीच नाही. परीक्षेच्या केंद्रावर दारात उभी राहीन, येईल तेव्हा दिसेलच. आणि आलीच नसेल तर? ते तीन शब्द तिने कुठून पाठवले असतील? पेपर बरा गेला, हे तरी खरं आहे का? ती किती सराईत खोटं बोलते ते मी पाहिलंय. त्या दिवशी मी हसले होते.

कुणाकडे जाऊ? रेक्टर बाईंना सांगितलं तर त्या दादाला कळवणार. दादाला सांगितलं तर तो तिला घेऊन जाणार. पोलिसांत गेले तर दोन्ही होणार. लिहून द्यायला बसले की तो अर्जाचा कागद डोळ्यांसमोर येतो आणि हात पुढे सरकत नाही.

२३ मे, शनिवार

केंद्रावर आज पेपर नव्हता. दुपारी वसतिगृहात गेले, मावशींना विचारावं म्हणून. त्या मला बघून घाबरल्या. त्यांनी नुसतं जिन्याकडे पाहिलं. वरच्या मजल्याच्या जाळीच्या दाराला कुलूप, शेजारी नोटीस. वीज तोडलेली. जाळीतून आलेली झळ तोंडावर बसली. मी हाक मारली.

आमच्याच खोलीतून मुंगी बाहेर आली. भिंतीला धरून. गाल आत गेलेले, ओठ सोललेले, हातात पुस्तक, पानात बोट. मावशी पेपरच्या दिवशी कुलूप काढतात, परत आली की लावतात.

मी जाळी धरून रडायला लागले. तिने फटीतून बोटं बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. बोटं तापलेली होती.

"दोनच पेपर राहिलेत, ताई. जा तू आता. आणि हे बघ — कुठे अर्ज करू नकोस."